अंतराळातील सुरकुत्यांचा बंदोबस्त

२८ ऑक्टोबर १९५९ च्या सायंकाळी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दूरदूरच्या गावांतील लोकांना आकाशात लुकलुकणाऱ्या प्रकाशबिंदूंचा एक पुंजका दिसला, आणि हे काय अरिष्ट ओढवले म्हणून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत व पोलीस ठाण्यांत टेलिफोन खणखणू लागले. व्हर्जिनियातील वॉलॉप्स बेटावरून अग्निबाणाने वर नेलेला शंभर फूट व्यासाचा एक फुगा दाट वातावरणाबाहेर उलगडता उलगडताच फाटला होता, आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या त्याच्या चिंध्या उंचावरील सूर्यप्रकाशात गिरक्या घेत खाली येत होत्या. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. फुग्याच्या घड्यांमध्ये थोडी हवा राहून गेली होती. जमिनीवर जी हवा कोणाच्या खिजगणतीतही नव्हती, तीच बाहेरचा दाब नाहीसा होताच एकदम फुलली आणि जे पटल सावकाश उलगडावयाचे, ते तिने एका झटक्यात फाडून टाकले. अतिशय पातळ पटलाला अंतराळात नेऊन त्याला हवा तो आकार देणे आणि तो आकार टिकविणे हा जो उद्योग पुढे साठ वर्षे चालला, त्याचा आरंभ असा चिंध्यांपासून झाला.

या उद्योगाचा मूळपुरुष म्हणून विल्यम ओसलिव्हन याचे नाव घेतले पाहिजे. व्हर्जिनियातील लँग्ली येथे अमेरिकन सरकारची विमानविद्येची जुनी प्रयोगशाळा होती, आणि ओसलिव्हन तेथे अभियंता होता. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उपग्रहांकडून कोणती कामे करून घ्यावीत याची मसलत करण्यासाठी जानेवारी १९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठात शास्त्रज्ञांची सभा भरली, त्या सुमारास त्याच्या मनात विचार आला की वातावरणाच्या अगदी वरच्या थरांतील हवेची घनता मोजावयाची तर आकाराने मोठी पण वजनाने नगण्य अशी वस्तू कक्षेत सोडावी, म्हणजे विरळात विरळ हवाही तिला अडवील आणि तिची गती कशी मंदावते यावरून त्या हवेचा हिशेब मांडता येईल. आकाराने मोठी आणि वजनाने नगण्य म्हणजे पोकळ गोलच हवा, आणि तो अग्निबाणाच्या टोकात मावावयाचा तर घडी घालता येईल असाच हवा. प्रथम योजिलेला गोल जेमतेम दोन-अडीच फुटांचा होता. पुढे बेल प्रयोगशाळेतील जॉन पिअर्स याने अशाच परंतु प्रचंड गोलावरून रेडिओ लहरी परावर्तित करून दूरच्या दोन स्थानकांत संदेशवहन साधण्याची कल्पना उचलून धरली, आणि ‘एको’ या नावाने शंभर फुटी गोलाची तजवीज मंजूर झाली.

गोलाचे पटल मायलार नावाच्या प्लास्टिकचे, जाडी १२.७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे ऐंशीवा भाग. मिनेसोटा राज्यातील नॉर्थफील्ड येथे गिलमोर शेल्डाल याच्या कारखान्यात या पटलाचे ८२ निमुळते पट्टे कापून, कडेला कड चिकटवून गोल शिवला गेला. मुळात सपाट असलेल्या पट्ट्यांपासून सर्व बाजूंनी वाकलेला पृष्ठभाग बनवावयाचा, ही गोष्ट भूमितीला तंतोतंत मान्य होण्यासारखी नाही. म्हणून प्रत्येक सांध्यापाशी पटल कोठे किंचित सैल तर कोठे किंचित ताठ राहते, आणि सुरकुतीचे बीज कारखान्यातच पेरले जाते. उत्तर कॅरोलिनातील वीक्सव्हिल येथे नौदलाच्या हवाई जहाजांसाठी उभारलेल्या अवाढव्य छपराखाली हा गोल फुगवून पाहण्यात आला. त्या चाचणीच्या छायाचित्रात तळाशी उभी असलेली माणसे व मोटारी खेळण्यांएवढ्या भासतात, आणि गोलाच्या चकचकीत अंगावर सांध्यांच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या दिसतात.

मात्र खरी पंचाईत घडीची होती. शंभर फुटांचा गोल सव्वादोन फूट व्यासाच्या मॅग्नेशियमच्या डब्यात भरावयाचा, घड्यांत हवा राहू द्यावयाची नाही, आणि डबा उघडताच कोठेही न अडकता, न घासता तो उलगडला पाहिजे. लँग्लीचा अभियंता एडविन किलगोर या विवंचनेत असताना एका पावसाळी रात्री त्याच्या पत्नीने पर्समधून प्लास्टिकची पावसाळी टोपी काढली. अरुंद पट्टीच्या रूपाने इवल्याशा पाकिटात बसलेली ती टोपी झटकताच डोक्यावर नीट घुमटाकार बसली. किलगोरने ती टोपी प्रयोगशाळेत नेली, तिच्या घड्या एक एक करून तपासण्यात आल्या, आणि एको गोलाच्या घडीची पद्धत त्यावरून ठरली. शास्त्राच्या इतिहासात अशा गोष्टींना तळटीपेतही जागा मिळत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. ती टोपी ज्या कोणी कामगाराने प्रथम घडी घालून पाकिटात बसवली असेल, त्याच्या हातातील कसब आकाशात सोळाशे किलोमीटर उंचीपर्यंत पोचले.

येथे सुरकुती म्हणजे काय, याचा थोडा खुलासा केला पाहिजे. पातळ पटल ओढले तर ते जोर सहन करते. परंतु त्याच्या दोन कडा एकमेकींकडे ढकलल्या तर त्या दाबाला त्याच्यापाशी उत्तर नसते, आणि ते पातळीबाहेर सरकून वळ्या धरते. धोतर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांनी धरून ताणले म्हणजे ज्या लांब वळ्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत धावतात, त्या ओढीच्या दिशेने धावतात, आणि त्या दिशेला आडव्या दिशेने कापड आकसलेले असते. हे घराघरांतले ज्ञान गणितात मांडण्याचे श्रेय हर्बर्ट वाग्नर या ऑस्ट्रियन अभियंत्याकडे जाते. रोरबाख या विमान बांधणाऱ्या जर्मन कंपनीत काम करीत असताना त्याने पाहिले की विमानाच्या पंखातील तुळईचा पातळ पत्रा भार वाढताच तिरप्या वळ्या धरतो, आणि तत्कालीन समजुतीप्रमाणे तो तेथेच निकामी ठरतो. वाग्नरने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिले की ही समजूत चूक आहे. वळ्या पडल्यावर पत्रा दाब घेण्याचे सोडून देतो खरा, परंतु वळ्यांच्या दिशेने, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या तिरप्या रेषांत, तो ताण वाहत राहतो, आणि तुळई मोडण्याऐवजी अधिक भार पेलते. या निबंधांची इंग्रजी भाषांतरे अमेरिकन सरकारच्या विमानविषयक समितीने १९३१ मध्ये छापली. लँग्लीची प्रयोगशाळा याच समितीची. म्हणून एको गोल उडण्याच्या तीस वर्षे आधी सुरकुतीचे पहिले शास्त्र त्या दप्तरात दाखल होऊन बसले होते.

१३ मे १९६० चे पहिले उड्डाण अग्निबाणाच्या दोषामुळे फसले, आणि १२ ऑगस्ट १९६० रोजी एको–१ कक्षेत पोचला. फुगविण्याची योजना हवेवर सोपविलेली नव्हती. गोलाच्या आत बेन्झॉइक आम्ल आणि अँथ्राक्विनोन यांची भुकटी ठेवलेली होती. निर्वातात व उन्हात पहिल्याची वाफ चटकन होई, दुसऱ्याची सावकाश, त्यामुळे पहिला पदार्थ गोल उलगडी आणि दुसरा त्याला काही काळ ताठ ठेवी. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ध्वनिमुद्रित संदेश कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनहून गोलावर आदळून न्यू जर्सीतील होल्मडेलला उतरला. कक्षेचा कल ४७ अंशांचा असल्यामुळे हा गोल पृथ्वीच्या फार मोठ्या पट्ट्यावरून, महाराष्ट्रावरूनही, जात असे, आणि नुसत्या डोळ्यांनी ठळक ताऱ्यासारखा दिसे.

पण वायू सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू निसटत गेला, आणि आतून रेटणारे कोणी उरले नाही तसा गोल सुरकुतू लागला. निर्दोष गोल रेडिओ लहरींना सर्व दिशांना सारख्याच प्रमाणात परतवितो, ही त्याची मोठी सोय. तो कोणत्याही बाजूने वळला तरी बिघडत नाही. सुरकुतलेला गोल मात्र क्षणात एका दिशेला जास्त तर क्षणात कमी लहरी धाडतो, आणि जमिनीवरच्या श्रोत्याला संदेशाचा आवाज चढता-उतरता ऐकू येतो. त्यात साठ-बासष्ट किलो वजनाच्या एवढ्या मोठ्या गोलावर सूर्यप्रकाशाचाही जोर चाले, इतका की त्याची कक्षा त्या जोराने लंबवर्तुळाकार होत गेली. एको–१ पुढे मे १९६८ पर्यंत फिरत राहिला. परंतु वायू आत राहील तोपर्यंतच ताठ राहणारे पटल दीर्घकाळाच्या कामाचे नाही, हे पहिल्याच वर्षी सर्वांना उमगले होते.

एको–२ ची रचना या धड्यावर उभी होती, आणि मला वाटते की या सर्व इतिहासात तिच्याइतकी धाडसी युक्ती दुसरी नाही. या वेळी पटल तिहेरी होते. मध्ये सुमारे ९ मायक्रॉनचे मायलार आणि दोन्ही बाजूंस प्रत्येकी साडेचार मायक्रॉनचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आता हा पत्रा नुसत्या मुलाम्यापुरता उरला नव्हता; त्याच्यावर काम सोपविलेले होते. धातू थोडासा ताणला तर सोडताच पूर्ववत होतो, पण एका मर्यादेपलीकडे ताणला तर ताणलेलाच राहतो. गोल इतक्या जोराने फुगवावयाचा की अ‍ॅल्युमिनियमने ही मर्यादा किंचित ओलांडावी, म्हणजे घड्यांचे मोड आणि सुरकुत्या ओढून सपाट होतील आणि धातू त्या नव्या, गुळगुळीत आकारातच स्थिर होईल. मग वायू निघून गेला तरी गोल आपल्या अंगच्या ताठपणाने उभा राहील. जोर कमी पडला तर सुरकुत्या तशाच, जास्त झाला तर सांधे फाटणार. या दोन टोकांमधली वाट किती अरुंद होती हे चाचण्यांनी दाखविले. १५ जानेवारी १९६२ ला केप कॅनाव्हरलहून वर नेलेला पहिला गोल फुगताना फाटला. १८ जुलैला दुसरा गोल नीट फुगला. तथापि त्याचा पृष्ठभाग हवा तितका गुळगुळीत नसल्याचे आढळले, आणि कक्षेतील उड्डाण पुढे ढकलून जमिनीवरच्या चाचण्यांचा नवा फेरा मुक्रर झाला. जो गोल फाटला नाही, फुगला, आणि तरीही केवळ सुरकुत्यांमुळे नामंजूर झाला, तो माझ्या लेखी या इतिहासातील एक मैलाचा दगड आहे. शेवटी २५ जानेवारी १९६४ रोजी १३५ फूट व्यासाचा एको–२ कॅलिफोर्नियातून उडाला. अग्निबाणावर बसविलेल्या टेलिव्हिजन कॅमेऱ्याने त्याचे उलगडणे टिपले, आणि पुढे त्याच्या साहाय्याने इंग्लंडमधील जॉड्रेल बँक व सोव्हिएत रशियातील गॉर्कीजवळची वेधशाळा यांच्यात संदेशवहनाचे प्रयोगही झाले.

कारखान्यात आणि केप कॅनाव्हरलला हे चालले असताना लँग्लीतच मॅन्युअल स्टाइन आणि जॉन हेजपेथ या दोघांनी सुरकुतलेल्या पटलाचे गणित नव्याने मांडले. १९६१ मध्ये नासाने छापलेला त्यांचा अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. वाग्नरच्या तुळईत पत्रा सगळाच्या सगळा वळ्यांनी भरतो असे धरले होते. स्टाइन व हेजपेथ यांनी विचारले की पटलाचा काही भाग सपाट आणि काही भाग सुरकुतलेला असेल तर सीमा कोठे आखावी. सपाट पटल ओढले असता आडव्या दिशेने ठरावीक प्रमाणातच आकसते, पण सुरकुतलेल्या भागात जादा कापड वळ्यांत दडत असल्यामुळे आकसणे कितीही अधिक असू शकते. म्हणून ते प्रमाण तेथे स्थिर न मानता परिस्थितीप्रमाणे बदलते मानावे, ही त्यांची कळीची कल्पना. मग त्यांनी ती काही प्रश्नांना लावून दाखविली. ताणलेल्या विस्तीर्ण पटलाच्या मध्यभागी एक चकती पक्की बसविली आणि ती फिरविली, तर चकतीभोवती एका वर्तुळापर्यंत तिरप्या वळ्या पडतात आणि त्यापलीकडे पटल जसेच्या तसे राहते. वायूने फुगविलेली लांब नळी वाकविली, तर आतल्या बाजूस पहिली सुरकुती ज्या भाराला पडते त्याच्या दुप्पट भार होईपर्यंत नळी कोसळत नाही. या दुसऱ्या निष्कर्षाने अंतराळ-बांधणीचा दृष्टिकोन बदलला. सुरकुती दिसली म्हणजे सर्वस्व गेले असे नाही, हे वाग्नरने विमानासाठी सांगितले होते. आता फुगीर बांधणीसाठी ते आकड्यांनिशी सिद्ध झाले, आणि सुरकुत्या पुसण्याच्या जोडीला त्या कोठे व किती पडू द्यावयाच्या हे आधी ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला.

मधल्या दशकांचा वृत्तांत त्रोटकच पुरे. हॅलेच्या धूमकेतूला गाठण्यासाठी १९७६–७७ मध्ये कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत आखलेले अर्ध्या मैलाच्या बाजूचे सौर शीड, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या रेट्याने यानाला ढकलणारे पटल, कागदावरच राहिले. मे १९९६ मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून सोडलेला १४ मीटर व्यासाचा फुगीर अँटेना उलगडला, पण त्याच्या भिंगाच्या आकाराच्या पटलात पुरेसा दाब भरला नाही, त्यामुळे पृष्ठभाग किती अचूक बनला हे मोजावयाचे राहून गेले.

सौर शिडांच्या बाबतीत मात्र प्रश्न नव्या रूपाने उभा ठाकला. शीड फुगवीत नाहीत. चौकोनी पटल चार दांड्यांच्या टोकांना कोपऱ्यांनी बांधतात, आणि कोपऱ्यांनी ओढलेल्या पटलात सुरकुत्या पडणारच. त्या पडल्या म्हणजे प्रकाशाचा रेटा ठरल्या दिशेला मिळत नाही, आणि खोल वळीत प्रकाश दोनतीनदा परावर्तित होऊन पटल तापण्याचे भय असते. अधिक जोराने ओढावे, हा पहिला विचार. पण सेर्दा आणि महादेवन या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे वळ्यांची रुंदी ताणाच्या चतुर्थ मुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ती निम्मी करावयाची तर ताण सोळापट वाढवावा लागतो, आणि तेवढा ताण पेलणारे दांडे शिडाहून कितीतरी जड होतात. बळाचा मार्ग असा बंद झाल्यावर दोन संप्रदाय उदयास आले. एकाने पटलाच्या कडांचा विचार केला. कड सरळ न ठेवता आत वळलेली, कमानीसारखी कापली, तर कोपऱ्यातला जोर कडेने वाटला जाऊन पटलात सर्वत्र सारखा पोचतो. शिवाय कडेलगत अशी एक पट्टी जोडली की जी बाहेरच्या ओढीला घट्ट राहते परंतु कडेच्या दिशेने सरकू शकते, तर कोपऱ्यांत साठणारा तिरका ताण पटलापर्यंत पोचतच नाही. सुरकुतीला जन्म देणारे कारणच सीमेवर अडविले जाते. दुसऱ्या संप्रदायाने उलट वाट धरली. त्यांनी बारीक दोऱ्यांचे जाळे ताणले आणि त्यावर पटल मुद्दाम सैल पसरले, म्हणजे भार दोऱ्या वाहतील, उष्णतेने पटल आकसले-फुलले तरी त्याचा ताण वाढणार नाही, आणि ज्या फुगवट्या पडतील त्या दोऱ्यांमधल्या ठरलेल्या जागीच पडतील. २००५ मध्ये ओहायोतील प्लम ब्रुक येथे नासाच्या प्रचंड निर्वात दालनात दोन्ही पद्धतींची वीस-वीस मीटर बाजूची शिडे उलगडून पाहण्यात आली. त्यांपैकी पहिल्या पद्धतीच्या शिडाचे पटल अवघ्या दोन मायक्रॉनच्या आसपास जाडीचे, आणि त्याचे प्लास्टिक पुन्हा लँग्लीच्याच रसायनशास्त्रज्ञांनी घडविलेले.

जपानने तिसरा मार्ग काढला. २१ मे २०१० रोजी तानेगाशिमाहून उडालेल्या ‘इकारोस’ यानाच्या शिडाला दांडेच नव्हते. १४ मीटर बाजूच्या, साडेसात मायक्रॉन जाडीच्या या पटलाच्या चार कोपऱ्यांना अर्धा-अर्धा किलोची वजने लावून यान गरगर फिरविले, आणि ती वजने बाहेर ओढली जाऊन शीड उलगडले. यानाने दोन छोटे कॅमेरे दूर फेकून स्वतःची छायाचित्रे घेतली. त्यांत उन्हाने उजळलेल्या त्या चौकोनावरील घड्यांचे मोड दिसतात. प्रकाशाचा रेटा १.१२ मिलिन्यूटन भरला आणि शीड यशस्वी ठरले. परंतु पटल संपूर्ण सपाट नसल्यामुळे सूर्यप्रकाश त्यावर पवनचक्कीच्या पात्यांवर वारा लागावा तसा लागून यानाच्या गिरकीचा वेग आपोआप बदलू लागला, आणि ओसामू मोरी यांच्या पथकाला तो बदल सतत हिशेबात धरून यान हाकावे लागले. वळ्यांनी येथे यानाच्या कारभारात जणू कायमचा अधिकार मिळविला होता.

जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीला सूर्याच्या उष्णतेपासून झाकणाऱ्या सूर्यपटलात हे सारे ज्ञान एकत्र आले. २१ मीटर लांब व १४ मीटर रुंद असे पाच थर. सूर्याकडचा पहिला ५० मायक्रॉनचा, बाकीचे २५ मायक्रॉनचे. ते थर अलाबामातील हंट्सव्हिल येथे ज्या कारखान्यात बनले, त्याची वंशपरंपरा प्लम ब्रुकच्या शिडाचे दोन मायक्रॉनचे पटल तयार करणाऱ्या कंपनीशी मिळते. येथे मुद्दा रेट्याचा नव्हता, उष्णतेचा होता. थर एकमेकांना कोठेही टेकता कामा नयेत आणि खालच्या थरावरची उष्णता मधल्या फटींतून बाजूंना निघून गेली पाहिजे, एवढ्यासाठी प्रत्येक थराच्या कडा आत वळलेल्या कमानींत कापल्या गेल्या, आणि ताणलेल्या थराचा आकार लेसरच्या साहाय्याने ठिकठिकाणी मोजून गणिताने वर्तविलेल्या आकाराशी ताडून पाहण्यात आला. जमिनीवरच्या चाचणीत पटलाला काही ठिकाणी चिरा गेल्याचे २०१८ च्या मार्चमध्ये जाहीर झाले व त्या दुरुस्त कराव्या लागल्या. त्या वेळी झालेला विलंब पाहून अनेकांनी नाके मुरडली, पण वॉलॉप्सच्या चिंध्या ज्यांना ठाऊक होत्या त्यांना या सावधगिरीची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल. २५ डिसेंबर २०२१ ला दुर्बीण उडाली. घडी सुटण्यासाठी १०७ खिळी एक एक करून मोकळ्या व्हावयाच्या होत्या, त्या झाल्या. ३ जानेवारी २०२२ रोजी मोटारींनी दोर ओढून पहिले तीन थर ताठ केले, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले दोन.